मदत हवी आहे: जर्मनीत ऑल-सीझन टायर घ्यावेत की उन्हाळी-हिवाळी दोन सेट?

नमस्कार मंडळी, स्टुटगार्टमध्ये जुनी गोल्फ गाडी घेतलीय. तिच्यावरच्या उन्हाळी टायरची नक्षी झिजून ३ मिलीमीटरवर आलीय. कायद्याने १.६ चालतं, पण पावसात भरवसा नाही, त्यामुळे बदलायचे हे नक्की.

इथे अमुक तारखेपासून हिवाळी टायर लावायची सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ असेल तर मात्र डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर लागतात, नाहीतर ६० युरो दंड आणि वर चालकाच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. हे चिन्ह चांगल्या ऑल-सीझनवरही असतं, म्हणजे शहरापुरता प्रश्न मिटला. घोडं अडलंय ते ऑस्ट्रियापाशी. हिवाळ्यात पोरांना घेऊन टिरोलला जायचं असतं आणि तिथे बर्फात किमान ४ मिलीमीटर नक्षी लागते. ऑल-सीझन तर उन्हाळ्यातही झिजणार!

दोन सेट घ्यावेत तर तळघर इवलंसं, त्यात आधीच सायकली आणि गणपतीचं मखर. गॅरेजवाले टायर ठेवून घेतात, पण त्याचे पैसे वेगळे.

आल्प्सच्या घाटात ऑल-सीझनवर कुणी गाडी चालवलीय का? बर्फाच्या उतारावर ब्रेक नीट लागतो का? आणि हिवाळी सेट वेगळ्या रिमवर बसवून घेतला तर दर मोसमात टायर बदलायचा खर्च खरंच वाचतो का?