मदत हवी आहे: जीबीएस पॉझिटिव्ह आलंय, सोमवारपर्यंत थांबू का?

कैरीची_डाळ | शुक्रवार, रात्री ९:४०
ॲपवर आत्ता रिपोर्ट आला. जीबीएस पॉझिटिव्ह, लाल अक्षरात. बाकी एक ओळ नाही. दवाखाना बंद, डॉक्टर आता सोमवारी. तोवर गोळ्या सुरू केल्या तर चालेल ना? घरात ॲमॉक्सिसिलिनची अर्धी स्ट्रिप आहे, भारतातून आणलेली, तारीख उलटलेली नाही. नवरा म्हणतो थांब. मला झोप लागणार नाहीये. खरंच माहीत असेल त्यांनीच लिहा, गूगल करून झालंय आणि त्याने जास्तच घाबरलेय.

सिंहगड_रोडकर | ९:५२
बाप रे! २०२५ च्या जानेवारीत आमच्याकडे पुण्यात धायरी, नांदेड, किरकटवाडीत याचीच साथ होती. पाणी उकळूनच प्या, बाहेरचं पनीर आणि चिकन बंद. हातापायाला मुंग्या येतात का? जिना चढताना पाय लटपटतात का? तसं असेल तर आत्ता ॲडमिट व्हा. आमच्या सोसायटीने तेव्हा टँकरवाला बदलला होता, आधीच्याला विचारलं पाणी कुठलं तर म्हणे विहिरीचं. कुठली विहीर ते सांगेना.

निमूट_वाचक | ९:५८
रोडकर, ते गियाँ-बारे सिंड्रोम. मज्जातंतूंचं दुखणं. या बाईंचं बहुतेक ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस असावं. आद्याक्षरं तेवढी सारखी.
ताई, तुम्ही गरोदर आहात असं मी धरून चाललोय, कारण तुम्ही लिहिलेलंच नाही. कितवा आठवडा? देश कुठला?

कैरीची_डाळ | १०:०३
अहो, गरोदरच! म्हणून तर विचारतेय. ३६ पूर्ण. न्यू जर्सी. मंगळवारी स्वॅब घेतला होता. गोळी घेऊ का नको एवढंच सांगा.
आणि हो, सासूबाईंनीही आत्ता फोनवर 'जीबीएस' ऐकून पुण्याचीच साथ समजून रडायला सुरुवात केली.

रात्रपाळी | १०:१५
मी टेक्ससमध्ये लेबर रूमची नर्स आहे. १४ वर्षं. गोळी घेऊ नका.
आधी श्वास घ्या. हा जंतू आतड्यात राहतो, तिथून योनीमार्गात येतो. अमेरिकेत साधारण चार गरोदर बायकांत एकीकडे सापडतो. तुम्ही आजारी नाही. अस्वच्छतेशी संबंध नाही, नवऱ्याकडून आलेला नाही, त्याला औषध लागत नाही. तो येतो-जातो. आज गोळ्या खाल्ल्या तर आठवडाभर गायब होईल आणि कळा सुरू व्हायच्या वेळेला परत हजर. म्हणून औषध कळा सुरू झाल्यावर, सलाइनमधून. पेनिसिलिनचा पहिला डोस ५० लाख युनिट, मग बाळ होईपर्यंत दर ४ तासांनी २५ ते ३० लाख. पहिला डोस जन्माच्या निदान ४ तास आधी गेलेला बरा.
धोका बाळाला. काहीच दिलं नाही तर अशा आयांच्या सुमारे २०० बाळांत एकाला पहिल्या आठवड्यात संसर्ग होतो, सलाइन मिळालं तर सुमारे ४००० त एकाला.
आता सांगा: पहिलं बाळ की दुसरं? आधीच्या बाळाला काही झालं होतं? या खेपेला लघवीत जंतू निघाले होते का? सिझर ठरलंय का? औषधाची ॲलर्जी?

लीड्सवासी | १०:३१
माझी दोन्ही मुलं इंग्लंडमध्ये झाली. हा स्वॅब कोणी घेतलाच नाही. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सरसकट तपासत नाही. अमेरिकेत सगळंच तपासायचं, मग बिल लावायचं, मग घाबरवायचं. शांत झोपा.

निमूट_वाचक | १०:३६
तपासत नाहीत म्हणजे सोडून देत नाहीत. ताप आला, दिवसांआधी कळा लागल्या, आधीच्या बाळाला हा संसर्ग झाला असला, तर तिथेही सलाइन देतात. यांचा रिपोर्ट तर आलेलाच आहे. कळलेलं विसरायचं कसं?

लीड्सवासी | १०:४०
मी 'देऊ नका' म्हटलेलंच नाही. एवढी घबराट कशाला, इतकंच म्हणणं आहे.

आभाळमाया२ | १०:४४
लीड्सवासी, माझ्या बहिणीची दुसरी खेप तुमच्याच देशातली. कोणी तपासलं नाही, तिला तापही नव्हता. बाळ १६ तासांचं असताना कण्हल्यासारखा आवाज काढायला लागलं, दूध ओढत नव्हतं. आजी म्हणाली दमलंय, झोपू दे. बहिणीने ऐकलं नाही, बेल दाबली. ११ दिवस एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. आज पोरगा पाच वर्षांचा आहे आणि ठणठणीत आहे, पण 'शांत झोपा' कोणाला सांगू नका.

लीड्सवासी | १०:५१
वाईट वाटलं. मागे घेते ते वाक्य. सरसकट तपासावं का, हे बघायला इथे मोठा अभ्यास हाती घेतला गेलाय. प्रतिजैविकं लाखो बायकांना द्यायची, तर त्याचीही काही किंमत असतेच, हे मात्र मागे घेणार नाही.

घरचा_वैद्य | १०:५५
सलाइन वगैरे टाळता येईल. सोललेली लसणीची पाकळी दोऱ्यात बांधून रात्रभर आत ठेवायची, आठ दिवस. सोबत ताजं विरजलेलं दही. माझ्या मावसबहिणीचा दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

रात्रपाळी | ११:०२
कृपया नको. नाजूक जागी कच्च्या लसणीने भाजतं. आणि वर लिहिलंय तसं, जंतू येतो-जातो. मावसबहिणीचा तो लसणीशिवायही गेला असता आणि बाळंतपणाच्या दिवशी परतही आला असता. दही वाटीत घ्या, भाताबरोबर.

घरचा_वैद्य | ११:०६
ॲलोपॅथीवाल्यांना दुसऱ्याचा अनुभव पटतच नाही.

गोठा_कोल्हापूर | ११:१४
माझ्या आठ म्हशी आणि तीन गाई. या जंतूचं पूर्ण नाव स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिई. अगॅलॅक्टिया म्हणजे दूध नसणं. जनावराची कास दगडासारखी होते, आम्ही दगडी म्हणतो, तीच. आमचे डॉक्टर सांगतात, माणसात सापडायच्या आधीपासून हा गोठ्यात माहीत होता. दूध काढताना पहिल्या चार धारा वेगळ्या काळ्या वाटीत काढून बघाव्या, गुठळी दिसते का.

डिंकलाडू | ११:१९
कोल्हापूरकर, छान माहिती, पण ताईंकडे म्हैस नाहीये.
ताई, आईंचा व्हिसा झाला का? डिंकाचे लाडू न्यूअर्क विमानतळावर सोडतात का? माझी आई मार्चमध्ये येतेय.

कैरीची_डाळ | ११:२५
हो, आई २ तारखेला येतेय. लाडवांचं नंतर.
रात्रपाळी, दुसरं बाळ. पहिली मुलगी पुण्यात, नॉर्मल, कळा सुरू झाल्यापासून पाच तासांत. तिथे ही तपासणी केलीच नव्हती, तिला काही झालं नाही. लघवीत काही नाही. सिझर नाही. ॲलर्जी विशेष काही नाही. लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या असं आई म्हणते, पण मला आठवत नाही म्हणून फॉर्मवर 'नाही' लिहिलंय.

रात्रपाळी | ११:२७
थांबा. ती स्ट्रिप नवऱ्याच्या हातात द्या. ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध आहे.

रात्रपाळी | ११:३४
आणि दुसरी गोष्ट, याहून महत्त्वाची. फॉर्मवर 'नाही' असल्यामुळे लॅबने पुढची तपासणी केलीच नसणार. पेनिसिलिन चालणार नसेल तर तुमच्या जंतूवर क्लिंडामायसिन हे दुसरं प्रतिजैविक चालतं का हे त्याच नमुन्यावर बघावं लागतं, आणि ते कोणी सांगितलं तरच बघतात. सोमवारची वाट बघू नका. प्रसूतीच्या डॉक्टरांचा फोन रात्री बंद नसतो. दवाखान्याचा नंबर लावा, आन्सरिंग सर्व्हिस उचलेल, 'ऑन-कॉल डॉक्टर हवेत' म्हणा.
फोन करण्याआधी आईंना विचारा. सांगलीला वगैरे असतील तर सकाळ झालेली आहे. इंजेक्शननंतर किती वेळाने गांधी उठल्या? ओठ, जीभ सुजली का? दम लागला का? चक्कर, उलटी?

निमूट_वाचक | ११:३८
ताई, पाच तासांत बाळंत झाला होतात हेही सांगा. घरापासून हॉस्पिटल किती लांब?

कैरीची_डाळ | ११:४१
सांगलीच. कसं ओळखलंत? हॉस्पिटल ४५ मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर. करते फोन.

डिंकलाडू | ११:५५
नाव 'कैरीची डाळ' आहे आणि 'चालेल ना' विचारलं, अजून काय हवं.

कैरीची_डाळ | शनिवार, सकाळी १०:२०
सगळ्यांचे आभार. आईला विचारलं. मी सात वर्षांची, घसा आला होता, गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. घरी पोचेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, मानेपासून पोटापर्यंत गांधी आणि वरचा ओठ 'जांभळासारखा' सुजलेला. बाबांनी तसंच सायकलवर बसवून परत नेलं, डॉक्टरांनी दुसरी सुई दिली आणि तासभर बाकावर बसवून ठेवलं. हे सगळं आईला ताटातल्या भाजीसकट आठवतंय, आणि मी फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळी.
ऑन-कॉल डॉक्टरांनी स्ट्रिपबद्दल ऐकल्यावर दोन सेकंद काहीच बोलल्या नाहीत. मग ॲलर्जीची नोंद केली. लॅबकडे तो जंतू अजून आहे, त्यावर क्लिंडामायसिनची तपासणी लावलीय. बुधवारी ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे, त्वचेवरची चाचणी गरोदरपणात करता येते म्हणाल्या. कित्येकांची लहानपणची ॲलर्जी मोठेपणी उरलेली नसते, तसं निघालं तर पेनिसिलिनच. नाहीतर क्लिंडामायसिन, तेही चालत नसेल तर व्हॅन्कोमायसिन. कळा किंवा पाणी, काहीही सुरू झालं की घड्याळ न बघता निघायचं. मुलीला सांभाळायला शेजारच्या काकू, त्यांना किल्ली देऊन ठेवलीय.

रात्रपाळी | १०:३१
उत्तम. एक राहिलं. सलाइनने पहिल्या आठवड्यातला संसर्ग टळतो. त्यानंतरचा, तीन महिन्यांपर्यंत होणारा, त्याने टळत नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, ताप आला, अंग सैल पडलं किंवा कण्हायला लागलं तर आभाळमायांच्या बहिणीसारखं करा.

डिंकलाडू | १०:३५
आणि लाडू?

लीड्सवासी | १०:४२
कस्टम्सच्या फॉर्मवर लिहून द्या, लपवू नका. अमेरिकेचं माहीत नाही, पण लपवलेलं सापडलं की सगळीच बॅग उघडतात.

पाचवा_महिना | ११:१०
मी शिकागोला. धागा वाचून घाबरले. ही तपासणी मी आत्ताच करून घेऊ का?

रात्रपाळी | ११:१६
नको. आजचा रिपोर्ट ५ आठवड्यांनंतर धरत नाहीत. ३६ व्या आठवड्यात करतील. तोवर आईला फोन करून लहानपणच्या इंजेक्शनांबद्दल विचारून ठेवा.