मदत हवी आहे: सीमारेषेच्या आतील माडासाठी नियम कसा असावा?

सप्रेम नमस्कार. गोव्यातील पेडणे तालुक्यातील आमचा वाडा (म्हणजे वस्ती) आणि पलीकडचा वाडा यांच्यात सरद, म्हणजे पावसाळी, भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या शेतात टेनिस चेंडूने क्रिकेटचा सामना होतो. यंदा एक उंच फटका सीमारेषेच्या आत उभ्या असलेल्या माडाला लागून खाली आला, क्षेत्ररक्षकाने तो जमिनीवर पडण्यापूर्वी झेलला आणि तिथून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही.

क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधील क्लबच्या नियमांनुसार, मैदानातील अडथळा सीमा धरायचा असे आधी ठरलेले नसेल, तर त्यावरून आलेला झेल ग्राह्य असतो, म्हणजे फलंदाज बाद. इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या मैदानात आत एक लिंबवर्गाचे नव्हे, तर ‘लाइम’ नावाचे मोठे झाड होते आणि त्याला चेंडू लागला की चार धावा मिळत. ते 2005 मध्ये वाऱ्याने मोडले. आमचा माड कोणी तोडू देणार नाही, आणि तोडूही नये.

पुढच्या सामन्यासाठी लेखी नियम करायचा आहे. माडाला चेंडू लागताच चार धावा द्याव्यात, की चेंडू मृत ठरवावा, म्हणजे खेळ तिथेच थांबवावा? झावळीला लागला आणि खोडाला लागला, यांत फरक करावा का? आपल्या गावी असा नियम असल्यास त्याचे नेमके शब्द कृपया कळवावेत. दोन्ही वाड्यांबाहेरचे पंच कसे मिळवता, हेही सांगावे. आमच्याकडे प्रत्येक पंच कोणाचा तरी मामा निघतो.