जुन्या हेमाडपंती मंदिरात श्रमदान करायचं आहे, कशाला हात लावायचा अन् कशाला नाही?

लोणारपट्टी: नमस्कार मंडळी, आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या अलीकडे. गावाबाहेर नाल्याकाठी महादेवाचं हेमाडपंती मंदिर आहे, शिखर गेलेलं, छतावर पिंपळ उगवलेला, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचते. महाशिवरात्रीच्या आधी आम्ही पोरं श्रमदान करायचं म्हणून राहिलो पण ग्रूपवर कोणी म्हणते खांबाले ऑइलपेंट मारू, कोणी म्हणते फटीत सिमेंट भरू, एक ठेकेदार तर फुकटात टाइल्स बसवून देतो म्हणते. खांबावरची नक्षी इतकी बारीक आहे की त्यावर रंग चढलेला मला पाहवणार नाही. परवानगी लागते का, अन् आपल्या हातानं काय काय करता येईल?

वऱ्हाडी गवंडी: भाऊ, सिमेंट बिलकुल नोका भरू. या मंदिरात दगड खाचा पाडून एकमेकात बसवलेले असते, मधात चुना नसते, अन् आत गेलेलं पाणी त्याच फटीतून बाहेर निघते. सिमेंटनं फटी बुजवल्या त पाणी आत अडकते अन् दगडाच्या कडा फुटाले लागते. पिंपळाले ओढू नोका, मुळ्या सांध्यात गेलेल्या राह्यते, ओढलं का दगडच हालते. बारीक असन त बुडापासून कापा, कोंब आला का पुन्हा कापा, मोठा असन त जाणकार माणूस बोलवा. पह्यले छतावरचा पालापाचोळा काढा अन् पाणी जायची वाट मोकळी करा, गाभाऱ्यात पाणी बहुतेक तिथूनच येत असन.

अमरावतीची ताई: दादा, आधी मंदिर संरक्षित आहे का ते बघा. केंद्राच्या आणि राज्याच्या याद्या वेगळ्या असतात, लोणारचं दैत्यसूदन मंदिर केंद्राच्या यादीत आहे. दोन्ही पुरातत्त्व खात्यांची ऑफिसं नागपूरला आहेत, तिथे फोटोसकट अर्ज द्या, आणि गावात पाटी नाही म्हणून संरक्षित नाही असं धरून चालू नका. केंद्र संरक्षित असेल तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, आणि स्मारकाची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठेकेदाराला हे आधीच सांगून ठेवा. कुठल्याच यादीत नसलं तरी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि जागा कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर पहा.

खामगावकर: सगळं कायद्यानंच करायचं तर गावकऱ्यांनी पूजा पण करू नये का? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या देवाला शेंदूर लागतो, तो काय गुन्हा आहे? मंदिर हे म्युझियम नाही.

अमरावतीची ताई: नाही हो भाऊ, पूजेतल्या देवाचं गुरव आणि गावकरी बघतील, त्यावर कोणी बोलत नाही. मी खांब, दाराची चौकट, बाहेरच्या वीरगळी (वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) यांच्याबद्दल बोलते आहे. नारळ जुन्या पायरीवर न फोडता बाजूला एक साधा दगड ठेवला, दिवे खांबाला टेकवून न लावता तबकात लावले, एवढ्यानं काजळी आणि तेल दगडावर बसत नाही. आणि ॲसिडनं धुणं, तारेच्या ब्रशनं घासणं कुठेच नको, नक्षीच निघून येते.

चांदेकर: आमच्या चंद्रपुरात गोंडकालीन किल्ल्याचा परकोट इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून साफ केला, झुडपं कापली, ढिगानं कचरा उचलला, सगळं कुदळ-फावड्यावर, पंतप्रधानांनी मन की बातमध्ये पण सांगितलं होतं. दगडकाम मात्र पुरातत्त्व खात्याचंच, गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या जुन्या मंदिराला ते काम कित्येक वर्षांपासून चाललं आहे अन् ते घाईनं होणारं नाहीच. तुम्ही जेसीबी आत नेऊ नका. माती काढताना मूर्तीचा तुकडा निघाला तर आहे तिथंच ठेवून फोटो काढा आणि तहसीलला कळवा, घरी किंवा दुसऱ्या मंदिरात नेऊ नका.

लोणारपट्टी: सगळ्यांचे मनापासून आभार. ऑइलपेंट अन् टाइल्स कॅन्सल, ग्रूपवर टाकून दिलं, दोन जण नाराज आहेत पण त्यांना गवंडीभाऊंचा मेसेज दाखवला. उद्या तलाठ्याकडून सातबारा काढतो, या आठवड्यात नागपूरचा अर्ज पाठवतो अन् तोवर फक्त पालापाचोळा, प्लास्टिक अन् आवारातलं गवत. गवंडीभाऊ, पिंपळाचं बूड मनगटाएवढं आहे, ते बारीक धरायचं की मोठं? फोटो टाकू का?