प्रचारात दमलेल्या उमेदवाराचा फोटो, न विचारता छापावा का?

निगेटिव्ह३५: १९५२ चा सप्टेंबर, मिशिगनमधलं फ्लिंट. व्यासपीठावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ॲडले स्टीव्हन्सन पायावर पाय टाकून कागद चाळतायत आणि बुटाच्या तळव्याला भोक! 'फ्लिंट जर्नल' या वृत्तपत्राचे छायाचित्रकार विल्यम गॅलघर यांनी ते खालून टिपलं, १९५३ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळवलं. उमेदवाराची प्रचारात किती दमछाक होते, हे भाषणं ऐकून कळत नाही. असे फोटो बेधडक छापावेत.

डेस्कवरची: बूट ठीक आहे हो, चेहऱ्याचं काय? पापणी लवायला साधारण ०.१ ते ०.४ सेकंद लागतात. सेकंदाला १० फ्रेम मारल्या की एक ते चार फ्रेममध्ये डोळे अर्धवट मिटलेले येणारच. त्यातली एक उचलून खाली 'थकलेला नेता' लिहिलं की ताजातवाना माणूसही पेंगलेला दिसतो. वर डोक्यावरचा दिवा असेल तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत उतरते आणि नसलेली काळी वर्तुळं दिसतात. म्हणून मागच्या-पुढच्या फ्रेम मागवायच्याच. खांदे सगळ्यांत पडलेले असतील तर थकवा खरा. एकाच फ्रेममध्ये असेल तर फोटो बाद.

निगेटिव्ह३५: हे तपासायलाच हवं, मान्य. पण म्हणून परवानगी कशाला? नुसत्या शटरच्या आवाजानेही माणूस सावरून बसतो. सायलेंट शटर लावा, कमी उजेडासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, लेन्सचं छिद्र मोठं, एफ/२. एक अडचण: एलईडी किंवा ट्यूबखाली फोटोत आडवे पट्टे येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि दिवा लुकलुकत असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, तेव्हा शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, तिथे १/६० किंवा १/१२५.

सातारकर: तंत्र बरोबर, हक्काचं काय? १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले ते भर सभेत. तो फोटो कुणीही काढावा. गाडीत मागे तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस सभेत नसतो. ती झोप त्याची आहे.

डेस्कवरची: आणि खोलीच्या आत कोण सोडतं? उमेदवाराचीच माणसं. छायाचित्रकार कॅली शेल यांनी २००८ मध्ये टेबलावर पाय ठेवलेल्या ओबामांचे झिजलेले तळवे टिपले, तेही प्रचारात जवळून वावरायला मिळालं म्हणून. स्टीव्हन्सनच्या समर्थकांनी तर भोक पडलेल्या तळव्याच्या पिनाच काढल्या. दमलेपणही मतं मागायला वापरलं जातं, तेव्हा प्रवेश कुणी दिला आणि कोणत्या अटीवर, हे फोटोखाली छापा.

सातारकर: हे केलंत तर माझा अर्धा विरोध संपला. झोपलेल्या माणसाबद्दल मात्र मत बदलणार नाही.