बाबांचा आजार बरा होणारा नाही, मग आशा ठेवायची ती नक्की कशाची?

जागरणवाली:
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारतेच. बाबांना अल्झायमर आहे, आता मधली स्टेज चालू आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय की हा आजार मागे फिरत नाही, औषधांनी फार तर थोडा काळ लक्षणं सावरतात. चर्चच्या मंडळीतले लोक येतात, प्रार्थना करतात आणि निघताना म्हणतात, आशा सोडू नकोस हं. मी हो म्हणते, पण मनात येतं की कसली आशा?

दुसरं म्हणजे, संध्याकाळ झाली की ते आईला शोधायला लागतात, म्हणजे माझ्या आजीला. आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. खरं सांगितलं की ते अगदी पहिल्यांदाच कळल्यासारखे रडतात आणि थोड्या वेळाने परत तोच प्रश्न, म्हणून आता मी सांगते की येईल इतक्यात. ते शांत होतात पण मला आतून टोचत राहतं, कारण प्रीती सत्यात आनंद मानते असं बायबलमध्ये प्रेषित पौल लिहितो आणि मी रोज बाबांशी खोटं बोलतेय. आणि प्रेमाचं म्हणाल तर शर्टाची बटणं लावताना त्यांनी हात झटकला की मला प्रेमबिम काही वाटत नाही, सरळ राग येतो. पाळकांना हे विचारायला जीभ रेटत नाही म्हणून इथे.

जुनावाचक:
ताई, आधी रागाचं बोलू. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय, ज्यात तुमचं ते प्रीतीचं वाक्य आहे, तो आपण लग्नात ऐकून ऐकून गोड करून ठेवलाय, पण तो लिहिला गेला भांडकुदळ मंडळीला. गट पडलेले, भाऊ भावाला कोर्टात खेचतोय, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन टाइट, हे सगळं त्याच पत्रात आहे. १२ व्या आणि १४ व्या अध्यायात कोणाचं कृपादान, म्हणजे देवाने दिलेली देणगी, मोठं यावर पौल त्यांची कानउघाडणी करतोय आणि बरोबर मधे हे प्रीतीचं येतं. म्हणजे ज्यांना एकमेकांबद्दल त्या घडीला काही छान वाटत नव्हतं अशांनाच तो सांगतोय की कसं वागा. हात झटकल्यावर तुम्ही परत बटण लावायला घेता ना? मग त्याला प्रीती म्हणायला मला तरी अडचण वाटत नाही.

आशेबद्दल मला यशया ४९, म्हणजे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४९ वा अध्याय, आठवतो. आई आपल्या तान्ह्या बाळाला एक वेळ विसरेल पण मी तुला विसरणार नाही, असं देव तिथे म्हणतो. बाबांना देव आठवेल का, प्रार्थनेचे शब्द आठवतील का, यावर आपली आशा टांगलेली असती तर ती कधीच संपली असती, पण इथे लक्षात ठेवायचं काम देवाने स्वतःकडे घेतलंय. उद्या बाबा सुधारतील असं यातून निघत नाही आणि मी तसं म्हणणारही नाही.

अर्धाविश्वासी:
जुनावाचक, लिहिलंय छान पण दोन गोष्टी. एक, त्याच यादीत प्रीती चिडत नाही असंही आहे, ते तुम्ही अलगद गाळलंत. दोन, रात्री तीन वाजता बाबा ऑफिसला निघालेत, बूट उलटे घातलेत आणि दाराची कडी खडखडवतायत, तेव्हा यशया ४९ चा उपयोग काय? माझ्या घरी हे झालंय म्हणून विचारतोय, खोडसाळपणा नाही. तेव्हा मला फक्त ८८ वं स्तोत्र वाचवायचं, कारण त्यात शेवटी ‘तरीही मी स्तुती करीन’ वगैरे काही येत नाही, ते अंधारातच संपतं आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. ताई, तुम्हाला आशा वाटत नसेल तर वाटत नाही असंच देवाला सांगा की. मार्कच्या शुभवर्तमानात ९ व्या अध्यायातला, येशूकडे आलेला तो आजारी मुलाचा बाप एकाच दमात म्हणतो की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवून टाका, आणि तेवढ्यावर त्याचं काम झालं, येशूने आधी तुझा विश्वास पुरता कर मग ये असं नाही सुनावलं.

जुनावाचक:
चिडण्याचं मान्य, गाळायला नको होतं. पण पौल प्रीतीचं वर्णन करतोय, परीक्षेचे मार्क देत नाहीये.

पांढराकोट:
मी नर्स होते, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात आयुष्य गेलं, त्यामुळे संध्याकाळच्या प्रश्नावर लिहिते. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढणं हे खूप जणांचं होतं, तुमचं काही चुकत नाहीये. आणि खरं सांगायचं की खोटं, एवढे दोनच रस्ते नाहीत. आई कुठे असं विचारलं की आईची आठवण येतेय का बाबा, असं विचारा. ती काय करायची, रागवायची का, तुम्ही लहान असताना कुठली गाणी म्हणायची, विचारत जा. शंभरातल्या नव्वद वेळा त्यांना बातमी नको असते, एकटं वाटत असतं, भीती वाटत असते आणि त्यावर आई हा त्यांना सापडलेला उपाय असतो. यात तुम्ही एक अक्षर खोटं बोलत नाही. सगळ्या दिवशी जमेल असं नाही हं, कधी ‘येईल इतक्यात’ तोंडातून गेलंच तर त्यावर रात्र जागवू नका, आधीच जागरण कमी आहे का.

जुनी भक्तिगीतं लावून बघितलीत का? मुलांची नावं विसरलेली माणसं तीन-तीन कडवी पाठ म्हणताना मी पाहिलीयेत, गाण्याची आठवण बरेचदा शेवटपर्यंत तग धरते. बटणांचा शर्ट बंद करा, पुढून वेलक्रोवाला किंवा डोक्यातून घालायचा सैल टीशर्ट घ्या. निम्मा राग तिथेच जाईल, आध्यात्मिक काही नाही यात.

तिसरीमुलगी:
एक राहिलंच. ताई, तुम्ही एकट्याच करताय का हे? कारण ‘प्रीती सर्व काही सहन करते’ हे वाक्य घरातल्या एकाच मुलीला ऐकवायचं आणि बाकीच्यांनी प्रार्थनेचं आश्वासन देऊन घरी जायचं, हा प्रकार मी जवळून बघितलाय. याकोबाच्या पत्रात २ ऱ्या अध्यायात अगदी हेच आहे, उघड्या उपाशी माणसाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही. आशा सोडू नकोस म्हणणाऱ्यांना पुढच्या वेळी सांगा की गुरुवारी दोन तास बाबांजवळ बसाल का, मी झोपते.

आणि ब्यूरोची बाई ठेवली किंवा दिवसाचं केअर सेंटर बघितलं म्हणजे प्रेम कमी पडलं असं तर मुळीच नाही. येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट परत वाचा. त्याने वाटेत लुटून अर्धमेल्या टाकलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, एक रात्र सेवा केली आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याच्या हातात दोन दिनार ठेवून, जास्त लागले तर परत येताना देतो असं सांगून तो आपल्या वाटेने गेला. येशूच्याच द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आहे, तर दोन दिवसांचा पगार मोजून त्याने काळजी दुसऱ्यावर सोपवली. येशूने त्याला कामचुकार म्हटलं नाही, उलट ऐकणाऱ्याला जा आणि तसंच कर म्हणाला.

अर्धाविश्वासी:
हे शोमरोन्याचं कधी असं वाचलंच नव्हतं. घरी दाखवतो, आमच्याकडे बाई ठेवण्यावरून महाभारत चालू आहे.

जागरणवाली:
सगळ्यांचे आभार, खूप वेळ वाचत बसले. पांढराकोट, ते आठवण येतेय का वालं करून बघितलं. बाबा म्हणाले आई फार कडक होती, उशीर झाला की दारातच उभी राहायची, आणि मग स्वतःच हसले. ही गोष्ट मला माहितीच नव्हती. पुढच्या वेळी मात्र नाही जमलं, फार चिडचिड झाली दोघांचीही. भावाला फोन केला, थोडं वाजलं, पण शनिवारी येतो म्हणालाय, बघू. आशेचं अजून पूर्ण पटलेलं नाही, यशया ४९ वर विचार चालू आहे.

अजून एक विचारायचं होतं. पाळक घरी प्रभुभोजन द्यायला येणार आहेत. बाबांना ते काय आहे हे आता कळत नाही. द्यावं का?

जुनावाचक:
मंडळीमंडळीत रीत वेगळी असते तेव्हा पाळकांनाच विचारा, ते स्वतः येतायत म्हणजे त्यांनी विचार केलाच असेल. माझं विचाराल तर द्यावं. येशूच्या शेवटच्या भोजनाला वरच्या खोलीत त्या रात्री बसलेल्या बारा शिष्यांना तरी नीट कुठे कळत होतं.

पांढराकोट:
आधी गिळायला त्रास होतो का ते बघा, खाताना ठसका लागतो का, घास गालात धरून ठेवतात का. तसं असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोरडा तुकडा नका देऊ, श्वासनलिकेत जायची भीती असते. ठसका नसेल तर ताठ बसवून, अगदी छोटा तुकडा, आणि गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचं. पाळकांना हे आधीच फोनवर सांगून ठेवा.