मदत हवी आहे: व्हीकेएच (दोन्ही डोळ्यांची सूज), मेथोट्रेक्सेट की मायकोफेनोलेट?

नमस्कार मंडळी,

आजवर इथे नुसता वाचत आलोय. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

धाकटी बहीण, वय 33, बार्शीला दिलीय. चार वर्षांची मुलगी आहे. फेब्रुवारीत आठवडाभर तिचं डोकं ठणकत होतं, मान आखडलेली, कानात सतत घूं आवाज. मायग्रेन समजून गोळ्या चालू होत्या. मग एका सकाळी भाकरी थापताना परातीचा काठ वाकडा दिसायला लागला आणि तव्यावरची भाकरी मधोमध पुसल्यासारखी. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. दोन्हीकडून तेच.

सोलापुरात ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) काढल्यावर दोन्ही डोळ्यांत पडद्याखाली पाणी दिसलं. व्होग्ट-कोयानागी-हाराडा, म्हणजेच व्हीकेएच. नाव लिहून घ्यायला डॉक्टरांना तीनदा विचारावं लागलं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते, आणि या पेशी डोळ्यात, कानात, मेंदूच्या आवरणात, कातडीत सगळीकडे असतात. फेब्रुवारीतल्या डोक्याचा आणि कानाचा उलगडा तेव्हा झाला. आता उजव्या पापणीचे चार केसही पांढरे झालेत.

तीन दिवस शिरेतून मिथाइल प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, रोज 1 ग्रॅम. पाणी ओसरलं, नजर 6/60 वरून 6/9 वर आली. नंतर 50 मिग्रॅच्या गोळीपासून हळूहळू उतरत आलो, पण 15 च्या खाली गेलो की सूज परत. दोनदा झालं. साखर वाढलीय, गाल फुगलेत, आणि शेजारणी म्हणतात, "तब्येत सुधारली हो तुमची." ती हसून घेते.

आता स्टिरॉइड सोडवायला प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध लागणार आणि इथेच गाडी अडलीय. सोलापूरचे डॉक्टर मेथोट्रेक्सेट म्हणतात. पुण्यात दुसरं मत घेतलं, ते मायकोफेनोलेट म्हणाले. पहिलं स्वस्त, आठवड्यातून एकदाच. दुसरं रोज दोन वेळा, आणि बिल बरंच मोठं. दाजींचं गणित सरळ आहे, महाग म्हणजे चांगलं असणार.

म्हणून रात्री बसून वाचून काढलं. नेमकी हीच तुलना 'फास्ट' नावाच्या चाचणीत झालीय, 2019 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली. 216 रुग्ण, पाच देश, आपलं मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालयही त्यात. निम्म्यांना मेथोट्रेक्सेट आठवड्याला 25 मिग्रॅ, निम्म्यांना मायकोफेनोलेट दिवसाला 3 ग्रॅम. सहा महिन्यांनी सूज आटोक्यात आणि स्टिरॉइड 7.5 मिग्रॅ किंवा त्याखाली, म्हणजे यश. मेथोट्रेक्सेटला 67 टक्के, मायकोफेनोलेटला 57. ज्यांची सूज डोळ्याच्या मागच्या भागात किंवा सगळ्या डोळ्यात होती (बहिणीची तीच), त्यांच्यात 74 आणि 55. दाजींना आकडे दाखवले. ते म्हणाले, मग स्वस्तातलंच घेऊ.

मी खूश होतो. जेवताना सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि वन्सं दुसऱ्या मुलाचं म्हणत होत्या, त्याचं काय?"

परत जाऊन बघितलं. दोन्ही औषधं पोटातल्या बाळाला घातक. गर्भधारणेचा बेत असणाऱ्या बायकांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. मी जे आकडे दाजींना ऐटीत दाखवले, त्यांत माझ्या बहिणीसारखी बाई नाहीच.

तर विचारायचंय एवढंच: व्हीकेएच किंवा युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) असताना कोणी मूल होऊ दिलंय का? औषध कुठलं चालू होतं? डॉक्टरांकडे हा विषय कसा काढला? दोन्ही ठिकाणी त्यांनी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही.

निवडुंग:
वाचन चांगलं केलंय, पण ते 74 आणि 55 एका उपगटातले आहेत, त्यावर फार उड्या नकोत. मायकोफेनोलेट सरस ठरलं नाही, एवढंच पक्कं धरा. आणि मेथोट्रेक्सेट सुरू झालंच तर कॅलेंडरवर वार लाल पेनने गोल करा. आमच्या काकांनी आठवड्याची गोळी रोज घेतली होती. तोंड सोलून निघालं, रक्तपेशी ढासळल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच्या जोडीला देतात ते फॉलिक ॲसिड कुठल्या दिवशी तेही लिहून घ्या. आधी टीबी आणि काविळीच्या तपासण्या झाल्या का?

कोजागिरी:
दादा, मला व्हीकेएचच आहे, नऊ वर्षं. मेथोट्रेक्सेट घेत होते. मूल हवं म्हणाल्यावर डॉक्टरांनी ते बंद करून ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधावर नेलं, डोळा बरेच महिने शांत राहतो का ते बघितलं आणि मगच होकार दिला. गरोदरपणात उलट डोळा छान होता. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात सूज उठली, ते मात्र त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ॲडालिमुमॅबच्या इंजेक्शनचंही (तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच) विचारा, दर दोन आठवड्यांनी असतं. गरोदरपणात ते पुष्कळदा चालू ठेवतात, पण टीबी लपलेला नाही ना हे आधी बघावं लागतं. तुमच्या बहिणीला काय झेपेल ते तिचे डॉक्टर सांगतील. माझ्यावरून औषध ठरवू नका, आणि आत्ता चालू असलेलं स्टिरॉइड परस्पर बंद करू नका.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. निवडुंग, छातीचा एक्स-रे झालाय, टीबीची मँटू चाचणी काल केली. हातावर बॉलपेनचा गोल काढून दिलाय आणि बहीण पुतळ्यासारखी हात धरून बसलीय. काविळीची तपासणी राहिलीय, करून घेतो.

कोजागिरीताई, तुमचा प्रतिसाद तिला फोनवर वाचून दाखवला. चौथ्या महिन्याचं दोनदा वाचायला लावलं. परवा सोलापूरला जायचंय. मी म्हटलं, डॉक्टरांना मी विचारतो. म्हणाली, "हे मीच विचारते दादा, तू बाहेर बस." 11 ची वेळ आहे. आलो की कळवतो.