नळाला पाणी का आलं नाही, हे रेडिओवर विचारता यायला हवं का?

कृष्णाकाठ

"उद्या शहराच्या पूर्व भागात पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे." लोकल रेडिओवर नागरी सेवांचा विषय बहुतेक वेळा इथंच संपतो. का बंद, परवा तरी येणार का, हीच लाइन मागच्या महिन्यातही फुटली होती त्याचं काय, हे विचारायला जागा नाही. माझं म्हणणं असं की कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे एखादं कॉलेज किंवा संस्था आपल्या परिसरापुरतं चालवते त्या छोट्या स्थानकावर, पाणी, कचरा, गटार, दवाखाना यांवर लोकांनी अधिकाऱ्याला थेट प्रश्न विचारावेत, असा आठवड्यातला एक ठरलेला तास हवा.

स्थानकवाल्यांना विचारलं की उत्तर येतं, "आम्हाला बातम्यांना परवानगी नाही." ते खरं आहे. खासगी एफएमला आणि कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एवढंच. पण वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याच्या सूचना यांना बातमी समजायचं नाही, असं धोरणातच लिहिलंय. मात्र त्याला एक शेपूट जोडलंय: या सूचना स्थानिक प्रशासनाने दिलेल्या असाव्यात. म्हणजे प्रशासनानं बोलायचं आणि आपण ऐकायचं. माझं भांडण या शेपटाशी आहे.

सांगलीकरांना हे जास्त समजावं लागणार नाही. पावसाळ्यात कोयनेतून इतका विसर्ग, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इतके फूट, धोक्याची पातळी ४५, हे आकडे चोहोबाजूंनी येतात. पण नदीकडच्या सखल भागातल्या बाईला वेगळंच हवं असतं. एवढ्या फुटाला आमच्या गल्लीत पाणी शिरतं का? सासूला घेऊन आत्ता निघू की सकाळी? म्हशी कुठं बांधू? २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात घराघरात हेच प्रश्न होते. यांची उत्तरं घोषणेत नसतात, कुणीतरी विचारल्यावरच मिळतात. आणि एकीनं विचारलं की अख्खी गल्ली ऐकते.

निवृत्त_पाणीपुरवठा

तळमळ पोचली, पण मी टेबलाच्या पलीकडे नोकरी केलेली आहे, म्हणून स्पष्ट विरोध नोंदवतो.

फोन येतो, "आमच्याकडं चार दिवस पाणी नाही." साहेबांसमोर ना त्या झोनचा नकाशा, ना व्हॉल्व्हमनची नोंद. वीज गेल्यामुळे पंपिंग बंद होतं, टाकी भरली नाही, की लाइनच्या शेवटच्या टोकाला दाब पोचत नाही, हे स्टुडिओत बसून कळत नाही. साहेब म्हणतात, "उद्या करून देतो." आणि उद्या खरंच करतात, कारण सगळ्यांनी ऐकलंय. पण कसं करतात? दुसरीकडे निघालेला टँकर वळवून. ज्या वस्तीतून कुणाचा फोन लागला नाही, तिथलं पाणी फोन लागलेल्या गल्लीत जातं. हे मी घडताना पाहिलंय. तेव्हा माध्यम रेडिओ नव्हता, एक वजनदार फोन होता. तुम्ही तसाच फोन सगळ्यांच्या हातात देताय असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तो फक्त बोलक्यांच्या हातात जाईल.

तक्रार नोंदवहीत जावी, तिला क्रमांक पडावा, क्रमानं निकाली निघावी. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात मुदत आहे, अपील आहे. तो वापरायला लोकांना शिकवा. रेडिओनं एवढं केलं तरी मोठं काम होईल.

माणदेशकर

काका, तो कायदा अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादी करून जाहीर केलेल्या सेवांचा आहे. दाखला, नळजोडणी, असल्या कामांना उपयोगी पडतो. जोडणी आहे पण नळ कोरडा, याचं अपील आमच्या आईनं कुठं करायचं?

आणि बोलके कोण, याचाही विचार करा. आज पालिकेच्या ॲपवर तक्रार कोण टाकतं? ज्याला टंकता येतं, फोटो चढवता येतो, तोच. आमच्याकडं म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून ९०.४ वर चालू आहे. धार काढताना, भाकरी थापताना बायका रेडिओ ऐकतात, आणि आपल्याच बोलीतला आवाज ऐकला की बोलायला धजावतात. ऑफिसात जाऊन साहेबापुढं उभं राहणं त्यांना जेवढं जड जातं, त्याच्या निम्मंही फोनवर बोलणं जात नाही.

कम्युनिटी रेडिओची ताकद १०० वॉटची, आवाज पाच-दहा किलोमीटर जातो. लोक याला कमीपणा समजतात. मला तर हाच मोठेपणा वाटतो. उत्तर देणारा ग्रामसेवक बाजारात भेटणारा असतो. खोटं बोलून तो जाणार कुठं?

सई_माइकमागे

मी अशाच एका स्थानकात काम करते. कुठलं ते सांगत नाही. कृष्णाकाठ यांची मागणी मनाला पटते, पण थेट फोन घ्यायला माझा विरोध आहे.

२००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओचे परवाने मिळू लागले, पण अट कायम आहे: बातम्या नाहीत, चालू घडामोडी नाहीत, राजकीय काही नाही. आता विचार करा. फोन करणारा गटारावर सुरू करतो. दुसऱ्या वाक्याला कंत्राटदार येतो, तिसऱ्याला नगरसेवक. मी फेडर (आवाज कमी करायची पट्टी) खाली ओढेपर्यंत नाव हवेत गेलेलं असतं. नोटीस माझ्या संस्थेला येते. ती संस्था म्हणजे कुठे कॉलेज, कुठे कृषी विज्ञान केंद्र, कुठे छोटा ट्रस्ट. त्याच पालिकेकडून त्यांना बांधकामाची परवानगी घ्यायची असते. आमचं उत्पन्न काय? जाहिरातीला तासाला १२ मिनिटं, तीही २०२४ मध्ये वाढवून मिळालेली. आणि मोठ्या जाहिराती सरकारीच.

म्हणून आम्ही प्रश्न रेकॉर्ड करून घेतो, नावं काढतो, मग लावतो. तुम्ही याला भित्रेपणा म्हणाल. पण परवाना गेला तर पुराच्या रात्री लागणारी सूचनाही गेली.

जुनी_कात्रणं

सगळे नव्यानं मांडताय म्हणून एक जुनी गोष्ट. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं 'रेडिओ ग्रामीण मंच' हा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं होती. गावात पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग आपसांत चर्चा करायची, आणि प्रश्न स्थानकाकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला, तेव्हा मंच असलेल्या गावांत माहितीची भर स्पष्ट दिसली. १९५९ पासून तो देशभर नेला.

रेडिओवर दोन्हीकडून बोलणं हे महाराष्ट्रानं सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. तेव्हा गावात फोनही नव्हता.

निवृत्त_पाणीपुरवठा

हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथं एकटा माणूस फोन करत नव्हता. वीस जण बसत, एक निमंत्रक असे, चर्चा होऊन गावाचा मिळून प्रश्न जाई. वीस जणांत लाइनच्या टोकाला राहणाराही असतो. असं काही करणार असाल तर मी माझ्या प्रभागात बसायला तयार आहे. थेट फोनला मात्र नाही.

माणदेशकर

निमंत्रक कोण होणार पण? पुढाऱ्याचा माणूसच ना? मग वीस जणांत विधवा बाई, वस्तीवरचा पोरगा बोलणार नाही. एकट्यानं फोन करायला तरी कुणाची परवानगी लागत नाही.

कृष्णाकाठ

सईताई, तुम्हाला भित्रं म्हणायचा विचारही आला नाही. पण एक सांगा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. बातम्यांवरच्या बंदीला आव्हान देणारी जनहित याचिकाही २०१३ मध्ये तिथं गेली. आपल्या मालकीच्या लहरींवर "आमच्या गल्लीत घंटागाडी का येत नाही" एवढं विचारणं राजकीय कसं? त्यात पक्ष नाही, उमेदवार नाही. कचरा उचलणं हे पालिकेचं काम, आणि काम का झालं नाही हा प्रश्न. आपण स्वतःच घाबरून राजकारणाची रेघ इतकी अलीकडे ओढली आहे की तिच्या आत फक्त घोषणाच मावते.

रेकॉर्डिंगला माझी हरकत नाही, काकांचा मुद्दाही त्यात बसतो. प्रश्न आधी विभागाकडे पाठवा, नकाशा आणि नोंद घेऊन या म्हणावं. टोकाच्या वस्त्यांचे प्रश्न तुम्ही स्वतः जाऊन टिपून आणा, फोनची वाट बघू नका. पण दोन गोष्टी सोडू नका. प्रश्न विचारणाऱ्याच्याच आवाजात लागला पाहिजे, निवेदकानं गुळगुळीत करून वाचायचा नाही. आणि ज्या विभागानं उत्तर दिलं नाही, त्याचं नाव पुढच्या आठवड्यात सांगायचं.

सई_माइकमागे

पहिली गोष्ट करता येईल. दुसरी नाही. "अमुक विभागानं उत्तर दिलं नाही" ही बातमी झाली, ती मी वाचू शकत नाही.

माणदेशकर

मग नाव नका घेऊ. तोच प्रश्न, त्याच बाईच्या आवाजात, पुढच्या आठवड्यात परत लावा. त्याच्या पुढच्याही आठवड्यात लावा.

सई_माइकमागे

ते लावता येईल. तसंही प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे, रेकॉर्डिंग हाताशी असतंच. सोमवारच्या बैठकीत मांडते.

निवृत्त_पाणीपुरवठा

मांडा. फक्त पहिला प्रश्न टाकीजवळच्या कॉलनीतला घेऊ नका.